पुनवेचं पाणी

डिसेंबर लागला की महामार्गावरून सहलीच्या गाड्या धावायला लागतात. पुढच्या काचेला शाळेच्या नावाचा फलक बांधलेला, खिडक्यांतून बाहेर आलेले हात, आणि कुणाला तरी घाट सोसलेला नाही हे सांगणारा गाडीच्या अंगावरचा एक ओघळ. लांज्याच्या थांब्यावर मी माझ्या गाडीची वाट बघत उभी असते तेव्हा अशा चार-पाच गाड्या तरी समोरून जातात. पोरं ओरडतात, मी हात हलवते. शिक्षिकेने हात हलवायचाच असतो. पण खरं सांगायचं तर मला या दिवसांचा राग येतो.

राग यावा इतकी हवा चांगली असते. भात घरात आलेलं असतं, पेंढ्याच्या उडव्या रचून झालेल्या असतात, कातळावरचं गवत पिवळं पडून वाऱ्यावर एकाच अंगाला झुकतं. शेतात वाल फुटभर वर आलेला असतो. एखाद्या उतावळ्या कलमाला मोहर येतो आणि त्याचा तो जरा उग्र, जरा गोड वास पहाटेच्या दवातून थेट अंथरुणापर्यंत पोचतो. पावसाने चार महिने कोंडून ठेवलेल्या माणसाला वाटतं, निघावं कुठेतरी. सहा वर्षांपूर्वी मलाही असंच वाटलं होतं. त्या मार्गशीर्षाचं मी आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही. ज्यांना ठाऊक आहे त्या बायका माझ्यापुढे विषय काढत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

आमचं गाव लांज्यापासून आठ किलोमीटर आत. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव म्हटलं की पुण्याच्या माणसाला वाटतं, यांच्या परसातच लाटा येत असणार. तसं काही नाही. आमच्याकडे डोंगर, कातळ आणि काजू. समुद्राची ओळख बुधवारच्या बाजारात येणाऱ्या बांगड्यापुरती. पंचाहत्तरी गाठलेल्या कितीतरी बायका आमच्या वाडीत अशा होत्या की ज्यांनी मुंबईची चौपाटी पाहिली होती, कारण मुलगा तिकडे. पण रत्नागिरीचा किनारा पाहिला नव्हता, कारण तिकडे कोण होतं?

माझ्या आईचं मात्र तिकडे होतं. तिची थोरली बहीण. आई तिला आक्का म्हणायची, आम्ही मावशी. आई दोन वर्षांची असताना आजी गेली, तेव्हापासून आक्काने तिला कडेवर वाढवलं. स्वतः बारा वर्षांची पोर, आणि कडेवर ही. पुढे आक्काला दिली खाडीतल्या एका जुव्यावर. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. चहूबाजूंनी खारं पाणी, मध्ये दहा-बारा घरं, नारळी, खाजणातल्या खारवट जमिनीत थोडी भातशेती, गोड्या पाण्याची एक विहीर. ओहोटीला वाळूतून चालत जायचं, भरतीला होडीतून. नवऱ्यामागे, मुलगा मुंबईला गेल्यावर, मावशी तिथे एकटी राहत होती. दहा-बारा घरांतली आता तीनच उघडी होती.

आमच्या घरापासून त्या खाडीपर्यंत रस्ता चाळीस किलोमीटर. या चाळीस किलोमीटरांनी दोन बहिणींना अकरा वर्षं भेटू दिलं नव्हतं. भांडण नाही, वाटणी नाही, काही नाही. एकीचे गुडघे गेले, दुसरीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, माझे वडील वारले, तिकडची गाडी दिवसातून दोनदाच. माणसं लांब जायला याहून मोठं काही लागतच नाही. फोन होता म्हणाल तर मावशीकडे नव्हता. शेजारच्या सुनेच्या फोनवरून कधीतरी बोलणं व्हायचं, पण दोघींनाही ऐकू कमी आणि दोघींची समजूत अशी की लांबच्या माणसाशी ओरडून बोलायचं. दोघी एकदम ओरडायच्या, दोघींना काही कळायचं नाही, आणि मग दोघी एकदम रडायच्या. शेवटी मी फोन काढून घ्यायची.

आमच्या घरात पंचांग नाही. आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, छप्पन साली धम्मदीक्षा घेतली आणि घरातले देव, ताईत, अंगारे टोपलीत भरून नदीवर नेले. आई सांगते, त्या दिवशी ती घाबरून आक्काच्या पदराआड लपली होती, आणि आक्काने तिला म्हटलं होतं, "भियाचा नाय. आता आपल्याला कोन काय करनार नाय." त्यानंतर आमच्या घरात मुहूर्त, अशुभ वार, सुतक, चतुर्थी, अष्टमी सगळं बंद. राहिली ती एक पौर्णिमा. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जायचं. बायका कामाला सुट्टी घेतात, सगळ्या एका ठिकाणी जमतात, म्हणून गावात काही ठरवायचं झालं तर ते पौर्णिमेलाच ठरतं. लग्नाची बैठक पौर्णिमेला, रस्त्यासाठी अर्ज पौर्णिमेला. सहल निघाली तीही पौर्णिमेलाच. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, आणि मला तर मुळीच नाही.

सहलीची कल्पना महिला मंडळाच्या सुगंधाकाकूंची. आडदांड, हसरी बाई, बोलायला लागली की समोरचा मान डोलावूनच सुटतो. "बाई," मला म्हणाल्या, "मरायच्या आधी ह्या म्हाताऱ्यांना एकदा दर्या दाखवूया. तुमी फक्त कागद करा." कागद करणं हे माझं काम. मी हायस्कुलात भूगोल शिकवते. चार रंगांच्या पेनांनी वेळापत्रक केलं. सकाळी सातला वंदना, आठला गाडी सुटणार, भाट्याचा किनारा, दीपगृह, मग साडेअकरा ते बारा असं एक कलम मी हिरव्या शाईने घातलं: जुवा. दुपारचं जेवण आरे-वारेला, सूर्यास्ताच्या आत परत. जुव्यापाशी बायकांनी झाडाखाली बसायचं, आणि मी आईला घेऊन वाळूतून पलीकडे जाऊन यायचं. लहानपणी मे महिन्यात मी त्या वाळूतून आईचा हात धरून गेले होते. पाणी जेमतेम गुडघ्यापर्यंत होतं. तेव्हा जाण्याचा दिवस कुणी निवडला होता, हे आठ वर्षांच्या मुलीला ठाऊक असायचं कारण नाही.

सुगंधाकाकूंना मी भीत भीत विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अर्धा तास कशाला, पाऊन घ्या. बहीन हाय ती."

आईला सांगितलं तेव्हा ती उठून माळ्यावरचा डबा काढायला लागली. पुढचे आठ दिवस ती पिशवी भरत होती. नव्या भाताचे तांदूळ, कुळथाचं पीठ, सोललेले वाल, आमसुलं, एक हिरवं पातळ. माझ्या लग्नातही तिने इतक्या वेळा पिशवी उपसून पुन्हा भरली नसेल.

सहलीच्या चार दिवस आधी मी जुव्यावरच्या त्या शेजारच्या सुनेला फोन लावून मावशीला बोलावून घेतलं. मी एकेक शब्द तोडून सांगितलं, "मावशी, पौर्णिमेला येतोय. आईला घेऊन. दुपारी बाराच्या सुमाराला." पलीकडे जरा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग मावशी म्हणाली, "पुनवेचं येव नको गो. आटमीचं ये."

मी म्हटलं, "अगं गाडी पौर्णिमेचीच ठरलीय."

"पुनवेचं नको. सांगतंय ता आयक. आटमीला ये, दोपारची ये."

आणि मी हसले. आज त्या हसण्याची मला शरम वाटते. मला वाटलं, म्हातारी एकटी राहून राहून जुन्यात शिरली. कुणीतरी शेजारणीने अष्टमीचा उपास, नवस, काहीतरी डोक्यात भरवलं. मी भूगोलाच्या तासाला जसा आवाज काढते तसा आवाज काढून म्हटलं, "मावशी, अष्टमी-बिष्टमी आपण कधीच सोडली ना? आजोबांनी काय सांगितलं होतं? सगळे दिवस सारखे."

ती म्हणाली, "बरां. तुज्या मनानं. तू शिकलेली हायस."

त्या वाक्यात टोमणा नव्हता. ती खरंच तसं मानत होती. शिकलेल्या भाचीला दिसतंय ते आपल्याला दिसत नसेल, एवढंच तिला वाटलं असणार. वाद घालून मला समजावायचं तिने सोडून दिलं, कारण आमच्या घराण्यात शिकलेल्या माणसाचा मान असा आहे. तो मान देताना तिने आपली बहीण गमावली.

घरी आल्यावर आईने विचारलं, "आक्काला इचारलंस ना?"

"विचारलं."

"काय म्हनाली?"

"ये म्हणाली."

अष्टमीचं मी बोलले नाही. आक्का पुन्हा तिथी पाळायला लागली हे ऐकून आईला वाईट वाटेल, म्हणून. किती समजूतदार मुलगी! आईने ते दोन शब्द ऐकले असते तर तिला तिथल्या तिथे कळलं असतं. जुव्यावर चारदा गेलेली बाई ती.

पौर्णिमेच्या सकाळी गाडी भरली. बेचाळीस बायका, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "आयला, माझी गाडी धुतल्यागत दिसायला लागली." काकू त्याला म्हणाल्या, "धुतल्यागतच परत आन, चिखलात नको घालू." पालीला चहा झाला. भाट्याला बायका पाण्यापाशी गेल्या आणि पहिली लाट पायाला लागताच सत्तर वर्षांच्या सात-आठ जणी एकदम किंचाळल्या. एकीने ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि तोंड वाकडं करून "खरंच खारट हाय गो," म्हणाली. इतकी वर्षं तिला ती थाप वाटत होती. मी फोटो काढत होते. आई गाडीतच बसली होती, पिशवी मांडीवर. "आली नाहीस?" विचारलं तर म्हणाली, "माजा दर्या फुडं हाय."

साडेअकराला दहा कमी असताना आम्ही मुख्य रस्ता सोडला. तिवरांमधून एक कच्चा रस्ता खाडीच्या बांधापर्यंत जातो. गाडी वळली आणि समोर पाणी दिसलं.

वाळू नव्हतीच. खाडी बांधाच्या दगडांना टेकली होती. तिवरांची झाडं गळ्यापर्यंत बुडाली होती, नुसते हिरवे शेंडे पाण्यावर तरंगल्यासारखे. ऊन असं लखलखीत की डोळे मिटावे लागत. मला पहिल्यांदा वाटलं, रस्ता चुकलो. बांधावर एक मोडकी होडी उपडी पडली होती, तिच्या तळात हात जाईल एवढं भोक. बाकी एकही होडी नाही. बांधाच्या अलीकडे एक घर होतं. तिथली बाई सुपात सुकट निवडत होती. मी तिला विचारलं, पलीकडे जायचंय, होडी कुठे मिळेल?

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीतून उतरणाऱ्या बायकांकडे. "आज? आज पुनव ना? उधानाला होड्या कुटल्या घरात? सगळ्या खाडीच्या तोंडाला जाळ्यांवर. सांजच्याला येतील."

"आणि वाळू? चालत जायची वाट?"

"पुनव म्हंजे पंधरावी तिथ," ती सुपातून हात न काढता म्हणाली. "पंधराची पाऊनपट सवाअकरा. सवाअकराला खाडी भरली. आता सा वाजता सुकंल. आटमीला येयाचा होता. आठाची पाऊनपट सा. सकाळी साला भरती, दोपारी गुडगाभर पानी, आन् होड्या पन घरात. आमच्या इकरं पाव्हनी आटमीलाच येतात."

मी बावीस वर्षं नववीला भरती-ओहोटी शिकवत होते. फळ्यावर सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत काढायचे आणि लिहायचं: अमावास्या व पौर्णिमा, उधाणाची भरती. मग चंद्र काटकोनात नेऊन लिहायचं: अष्टमी, भांगाची भरती. खाली दोन्हींतला फरक स्पष्ट करा, चार गुण. उत्तरपत्रिकांत मी किती पोरांच्या उत्तरांवर लाल फुली मारली असेल. आणि दर अष्टमीच्या दुपारी अंगणातून गुडघाभर पाणी बघणाऱ्या बाईने मला तेच उत्तर फोनवर दिलं, तर मला तिथे फक्त अंधश्रद्धा ऐकू आली.

पलीकडे, दोनशे-अडीचशे पावलांवर, जुव्याच्या दगडी पायऱ्यांवर एक बाई उभी होती. पायऱ्यांतल्या वरच्या तीनच पाण्याबाहेर होत्या. अंगावर जांभळट पातळ, डोक्यावर पदर, उन्हासाठी कपाळावर हात. मावशी कधीपासून उभी होती कोण जाणे.

बायका बांधावर आल्या आणि सगळ्यांनी एकदम हात वर केले. सगळ्या पांढऱ्या. पलीकडे मावशीचा हात अर्धवट वर आला आणि थांबला. तिचे मोतीबिंदूचे डोळे. अकरा वर्षांनी बहीण आली होती, आणि समोर बेचाळीस पांढऱ्या साड्या. सुगंधाकाकूंना ते माझ्या आधी कळलं. "मागं व्हा गो सगळ्या! गाडीत बसा! शेवंताकाकी एकटी दिसू दे तिच्या बहिनीला." ज्या बाईला आयुष्यात कुणी हळू बोलताना ऐकलं नाही ती खांद्याला धरधरून बायकांना मागे सारत होती, आणि बायका एकेक करून गाडीत चढत होत्या. बांधावर आई एकटी राहिली.

"आक्का गो!" आईने हाक मारली. दुपारचा खारा वारा समुद्राकडून सुटला होता, हाक आमच्याच तोंडावर परत आली. पलीकडून मावशीचं तोंड हललेलं दिसलं. काय म्हणाली ते नाही कळलं. मग ती वाकली. पायरीवर ठेवलेला टोप तिने दोन्ही हातांनी उचलला आणि डोक्याच्या वर धरला. दाखवला आम्हाला. अलीकडची बाई सूप घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी होती, ती म्हणाली, "मुळे असतील. पाटं पाचला ओटी होती तवा चिखलात बसलेली बगितली मी. पाव्हनी येनार म्हनून." मुळे म्हणजे खाडीतले शिंपले. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई पहाटे थंडीत, कमरेत वाकून, चाचपडत चिखलातून ते वेचत होती. आईला ते आवडायचे.

टोप जड असणार. आईने दोन्ही हातांनी "खाली ठेव, खाली ठेव" केलं. मावशीने खाली ठेवला. मग तिने सूर्याकडे बोट केलं, ते सावकाश पश्चिमेला खाली नेलं, आणि तळवा पाण्यावर धरून खाली खाली आणला. पाणी जाईल. संध्याकाळी जाईल. थांबा.

मी ड्रायव्हरकडे गेले. त्याने घड्याळाकडे पाहिलं. भला माणूस. म्हणाला, "बाई, दहा-पंधरा मिनिटं आणखी थांबतो. पण सहापर्यंत म्हणाल तर या आयाबाया उपाशी मरतील." काकू म्हणाल्या, "मंग तुमी दोघी ऱ्हावा ना हितं. उद्या सकाळच्या गाडीनं या. आमी काय हरवत नाय."

राहता आलं असतं. त्या बाईने ओटीवर बसायला दिलं असतं, पेज दिली असती. सहा वाजता वाळू उघडी पडली असती. पण माझ्या हातात नावांची यादी होती, वेळापत्रक होतं, दुसऱ्या दिवशी शाळा होती. बेचाळीस बायकांची जबाबदारी मी घेतली होती, असं मी स्वतःला सांगितलं. आणि शिवाय आठच दिवसांनी अष्टमी. चाळीस किलोमीटर म्हणजे काय? रिक्षा करू, निवांत येऊ, दिवसभर राहू. मी आईला तसंच म्हटलं. "आई, पुढच्या अष्टमीला येऊ. नक्की."

आईने माझ्याकडे पाहिलं. "आटमी तुला कुनी सांगितली?"

मी सांगितलं. तिथेच, बांधावर, फोनवर काय झालं ते सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पिशवी त्या बाईच्या ओटीवर नेऊन ठेवली, "सांजला धाडा," म्हणाली, आणि गाडीकडे चालायला लागली. गाडी वळली तेव्हा तिने मागे पाहिलं नाही. मी पाहिलं. मावशी तशीच कपाळावर हात धरून उभी होती. आम्ही निघालो हे तिला कळलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

आरे-वारेला लोकांनी आनंद केला. का करू नये? डोंगरावरून खाली उतरणारा तो रस्ता, एका बाजूला सुरूची झाडं, दोन किनारे एका मोठ्या हिरवट-निळ्या पाण्याला मिठीत घेतल्यासारखे. बायकांनी चपात्या सोडल्या, बांगडा सोडला, एकीने वाळूत लोळून घेतलं. काकू आईसाठी ताट घेऊन गाडीत आल्या. आई म्हणाली, "भूक नाय गो," आणि काकू ताट घेऊन तिच्या शेजारी तशाच बसून राहिल्या. दोघींमध्ये ते ताट. मी गाडीच्या दारात उभी होते आणि मला आत जायचं धाडस होत नव्हतं.

परतताना हातखंब्याच्या आसपास पूर्वेला चंद्र वर आला. भला थोरला, तांबूस. बायकांनी गाणी सुरू केली, टाळ्यांचा ठेका धरला. कुणीतरी म्हणालं, "बगा गो, पुनवेचा चांद." मी घड्याळ पाहिलं. सहाला पाच मिनिटं. आत्ता वाळू उघडी पडली असेल, पायऱ्यांपासून बांधापर्यंत. कुणीही घोटाभर पाण्यातून चालत जाऊ शकेल. आई गाडीच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. तिकडच्या खिडकीतून फक्त डोंगर दिसत होते.

आठ दिवसांनी अष्टमी आली. त्या दिवशी शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. त्यानंतरच्या अष्टमीला आईला थंडी वाजून ताप आला. त्यानंतरच्या अष्टमीला सराव परीक्षा, मग बोर्डाच्या परीक्षेची ड्युटी. प्रत्येक कारण खरं होतं, हे मी शपथेवर सांगते. आता आमच्या घरात कॅलेंडरवर अष्टमीला मी लाल गोल करत होते. आजोबा असते तर काय म्हणाले असते? आई त्या गोलांकडे बघायची, आणि दिवस टळला की काही बोलायची नाही. तिने मला एकदा तरी बोलायला हवं होतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

एप्रिलात जयंतीला मुंबईची मंडळी गावोगावी येतात, तसा मावशीचा मुलगा जुव्यावर आला. डोळ्यांचं ऑपरेशन करू म्हणून मावशीला मुंबईला घेऊन गेला. त्याचं काही चुकलं नाही. घराला कुलूप लागलं. ऑपरेशनही झालं, मावशीला चांगलं दिसायला लागलं. नवव्या मजल्यावरच्या खिडकीतून तिला काय दिसत होतं ते त्याने मला फोनवर सांगितलं: समोरच्या इमारतीची खिडकी. पावसाळ्यात ती गेली. झोपेतच. दरड कोसळून रस्ता बंद होता. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मावसभावाने आईच्या हातात एक पिशवी दिली. आत ते हिरवं पातळ होतं, घडी न मोडलेलं. "सणासुदीला नेसेन म्हणायची," तो म्हणाला.

मावशीने त्या दिवशी बांधावरची आई ओळखली होती का, हे मी भावाला विचारणार होते. नाही विचारलं. तो काय सांगणार? आणि त्याने 'हो' म्हटलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता.

गेल्या आठवड्यात नववीला पुन्हा तो धडा आला. मी फळ्यावर सूर्य काढला, पृथ्वी काढली, चंद्र काढला. एका मुलीने हात वर केला. तिचं आजोळ पूर्णगडच्या बाजूला, समुद्राकाठी. "बाई, माजी आजी तिथीची पाऊनपट करते." वर्ग हसला. मी हसणाऱ्यांना गप्प केलं आणि तिला पुढे बोलावून फळ्यावर ते मांडायला लावलं. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत ते येणार नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मुलगी खूश होऊन जागेवर गेली. मला वाटलं होतं, याने काहीतरी हलकं वाटेल. काही वाटलं नाही. ज्या बाईचं ते ऐकायला हवं होतं तिला मी फोनवर गप्प केलं होतं. त्यावर आता पूर्ण शाळेने मांडणी केली तरी काय व्हायचंय?

जुव्यावरचं शेवटचं घरही यंदा बंद झालं म्हणतात. विहिरीत खारं पाणी शिरलं. भरती अजून येते, ओहोटी अजून होते, अष्टमीच्या दुपारी गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येतं. जाऊन भेटायचं कुणाला, एवढाच प्रश्न आहे. खाडीला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, आणि अलीकडे मलाही असं वाटायला लागलंय की माणसांनाही फारसं नसावं. आपण आपलं लाल गोल करत बसतो.

काल संध्याकाळी सुगंधाकाकू येऊन गेल्या. आता त्याही थकल्यात, पण मंडळाने यंदा पुन्हा गाडी ठरवलीय. या वेळी हर्णैपर्यंत जायचंय, बंदरावरचा लिलाव बघायचाय, जमलं तर होडीतून किल्ल्यापर्यंत. दिवस त्यांनी मला विचारून धरला, भरतीचं बघून. त्या गेल्यावर मी आईपाशी गेले. ती पडवीत बसून वालाच्या शेंगा सोलत होती. हल्ली तिला दिसतं कमी, पण बोटांना शेंगा कळतात. मी शेजारी बसले, मूठभर शेंगा घेतल्या. बराच वेळ दोघी सोलत राहिलो. मग मी म्हटलं, "आई, गाडी जातेय परत. यंदा बोटीतपण बसायचंय. मी तुला धरीन. येतेस?"

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे तोंड वळवलं, आणि अगदी साध्या आवाजात, जसं कुणी प्रवासाला निघताना विचारावं तसं, विचारलं, "कुनाकडं?"